कार्टूनच आहे, बसू दे लेकराला

कार्टून लागलंय म्हणलं की आपल्याकडं घरातली मोठी माणसं एकदम निवांत होतात. लेकरू टीव्हीसमोर बसवायचं, पुढ्यात मुरमुऱ्याची वाटी ठेवायची न आपण आपल्या कामाला, कारण कार्टून म्हणजे लेकरांचंच, त्यात काय वाईट असणार. आणि खरी माणसं असलेला पिक्चर असला की मग चौकशा, मारामारी आहे का, रक्त दाखवलंय का, कुणी मरतं का. मला हे सगळं उलटंच वाटतं.

२०१४ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमधी एक पेपर आला होता. ख्रिसमसचा अंक असतो त्यांचा, जरा मिश्किलच लिहितात त्यात, पण मोजणी खरी केलेली. १९३७ च्या स्नो व्हाइटपासून २०१३ पर्यंतचे जोरात चाललेले ४५ ॲनिमेशन पिक्चर घेतले आणि त्याच वर्षांतले मोठ्या माणसांचे ९०, ज्यात खुनाचे न भुताटकीचे पण होते. निघालं काय, तर महत्त्वाचं पात्र मरायची शक्यता लेकरांच्या पिक्चरमधी अडीच पट, आणि आईबाप मरायची पाच पट! आता कारण साधं आहे, आई जिवंत असली तर पाडसाला जंगलात एकटं कशाला सोडंल, आणि एकटं सोडल्याशिवाय स्टोरी पुढं सरकत नाही, म्हणून आई आधी मारायची.

पण माझा मुद्दा मरण दाखवू नका हा नाहीच. मरण आमच्या लेकरांना नवीन नाही, गावात कुणी गेलं की सगळी आळी जाते, लेकरं पण कडंवर बसून सगळं बघतेत. माझा मुद्दा आहे की मेल्यावर पुढं काय दाखवता.

लायन किंगचंच घ्या, १९९४ चा, हातानं काढलेला. माझी पुतणी पाहायली होती हिंदीतला, मी शेजारी पेपर घेऊन बसलेलो. मुफासा, म्हणजे बाप सिंह, पडतो तिथपर्यंत ठीक होती ती. मग त्याचा लेक सिंबा येतो, बापाला ढकलतो, कान ओढतो, कुणीतरी या म्हणून ओरडतो आणि शेवटी स्वतःच बापाच्या पंज्याखाली घुसून झोपतो. तिथं ही मला म्हणाली, "काका, तो उठंना कशामुळं?" मी म्हणलं मेला बाई तो. तर म्हणे, "मग तो झोपायलाय कशाला त्याच्याजवळ?" मी टीव्ही म्यूट केला न आम्ही बराच वेळ बोलत बसलो. तो सीन कुणी कितीबी भारी रडवणारा म्हणो, मला तो चांगलाच वाटतो, कारण तिथं कॅमेरा घाई करत नाही, लेकराला कळू देतो.

याच्या उलट बांबी, १९४२ चा. बंदुकीचा आवाज होतो, आई दिसतच नाही, पाडस बर्फात हाका मारत फिरतं, बाप येऊन सांगतो की आई आता येणार नाही, आणि लगेच पुढच्या सीनला वसंत आलाय, पक्षी गाणं म्हणायलेत! रडायला जागाच नाही. फाइंडिंग निमोमधी पिक्चर सुरू होऊन चार मिनिटं होतात न होतात तर आई न एक सोडून सगळी अंडी बॅराकुडा नावाचा मोठा मासा खातो, पण त्यात निदान बाप पुढं अख्खा पिक्चर भीत राहतो, म्हणजे त्या मरणाचा हिशोब लागतो.

आणि व्हिलन. त्यांची तर मजाच आहे, हिरोचे हात खराब होऊ नये म्हणून व्हिलन आपला आपणच कड्यावरून पडतो. टारझन, १९९९ चा, त्यातला शिकारी वेलींत अडकून फास लागून मरतो, विजेच्या उजेडात सावली दाखवलीय लटकलेली. एवढं असून आपण म्हणतो कार्टूनच आहे.

तुम्ही म्हणाल की आपल्या गोष्टी काय कमी होत्या का. नव्हत्याच! आमची आजी श्रावणात चिलयाबाळाची गोष्ट सांगायची. दारात आलेला साधू श्रियाळ राजाला पोटचा लेकरूच शिजवून मागतो, चांगुणा मुंडकं तेवढं लपवून ठेवते तर तो तेबी उखळात कांडायला लावतो, वर अट की डोळ्यात पाणी आणायचं नाही. शेवटी लेकरू जिवंत होतं, पण तिथंपर्यंत पोचेस्तोवर आमचं काय व्हायचं. माझा एक चुलतभाऊ कितीतरी दिवस उखळाकडं जाईना. फक्त आजी मधीच थांबायची, कोण रडायलंय बघायची, जवळ ओढायची, मग पुढची ओवी. टीव्हीला ते जमत नाही, म्हणून तिथं शेजारी माणूस लागतं.

खऱ्या माणसांच्या पिक्चरचं अजून अवघड, तिथं डोळे खरे असतात. छावा आला २०२५ ला तेव्हा थिएटर लेकरांनी भरलेलं, सर्टिफिकेट यूए १६+ होतं, म्हणजे सोळाच्या आतल्यांना दाखवायचं का ते आईबापानं ठरवायचं, आणि शेवटच्या छळाच्या भागात कितीतरी लेकरं आईच्या पदरात तोंड घालून. इतिहास कळलाच पाहिजे, वाद नाही, पण पाच वर्षाच्याला तो भाग तसाच बघायला लावायचं का? २०२३ च्या कायद्यानं यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले, ते आईबापानं बघावं म्हणूनच केलेत, पण तिकीट काढताना तो आकडा कोण वाचतंय.

आता दिवाळीला सगळी लेकरं घरी येणारेत, मी यादी करायलोय. हाथी मेरे साथी, १९७१ चा, ठेवायचा का नाही यावर घरात दोन पार्ट्या पडल्यात. रामू हत्ती शेवटी गोळी अंगावर घेऊन मरतो. वहिनी म्हणते सणासुदीला लेकरं रडवता का भाऊजी, आणि दादा म्हणतो मी सातवीत असताना पाहिला न रडलो, काय बिघडलं माझं. मी अजून यादीत ठेवलाय, दुपारच्या शोला, म्हणजे झोपायच्या आधी बोलायला वेळ राहील.