ताटली कुणाकडे आहे?

डिसेंबरच्या ड्यूट्या लागल्या त्याच दिवशी हिने फोनवर सांगून टाकलं, "चोवीसची नाइट मला आलीय." ही नर्स आहे, सव्वीस वर्षं झाली. दर दोन-तीन वर्षांनी नाताळची रात्र तिच्या वाट्याला येतेच. पेशंट काही कॅलेंडर बघून आजारी पडत नाहीत. तेव्हा त्याचं काही नाही. पण या वेळी पंचाईत वेगळीच होती. ऑगस्टमध्ये आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तिला आता पाटावर बसता येत नाही. मग कुलकुल कोण करणार? घरात उरलो मी आणि बारावीतली लेक. तिला अभ्यास आहे. (असं ती म्हणते.)

आम्ही वसईचे. पोर्तुगीज इथे १५३४ साली आले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं. ते गेले, पण 'नाताळ' हा त्यांचा शब्द अख्ख्या मराठीत राहून गेला. नाताळात घरी जे गोडधोड होतं त्याला मात्र आम्ही सरळ फराळच म्हणतो. करंज्या त्यातही असतातच.

कुलकुल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदा, थोडा रवा, कडकडीत तुपाचं मोहन, एक अंडं, नारळाचं दूध. घट्ट मळायचं आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचं. मग गोटीएवढी गोळी घ्यायची, कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि एका टोकाकडून गुंडाळत आणायची. वर दातांच्या रेघा उठतात आणि छोटा शंख तयार होतो. तळायचा, पाकात घोळवायचा. कंगवा अर्थातच यासाठी वेगळा ठेवलेला असतो. आमचा हिरवा आहे, एक दात तुटलेला. त्यामुळे आमच्या प्रत्येक कुलकुलावर एक रेघ कमी असते. नवा कंगवा आणू म्हटलं तर आई म्हणाली, "मग ते आपले कसे वाटतील?"

वीस तारखेला मी बसलो. आई समोर खुर्चीत, वॉकर बाजूला, हातात काठी नाही एवढंच. "शेपूट ठेवू नको. कड दाब. जाड झालं, आतून कच्चं राहील." पहिला घाणा तेलात सोडला आणि एकेक कुलकुल आळस देत उठल्यासारखा उलगडला. कढईत सरळ पट्ट्या तरंगायला लागल्या. लेक अभ्यास सोडून फोटो काढायला आली. मी आयुष्यभर अकाउंट्समध्ये काम केलेला माणूस, मनात हिशेब मांडला: एका कुलकुलाला चाळीस सेकंद, एका किलोचे निदान चारशे. म्हणजे साडेचार तास, तेही बिनचूक झाले तर.

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात. त्या आल्या होत्या गव्हाची चौकशी करायला. हे गव्हाचं प्रकरण आधी सांगायला हवं.

गोठ्यासाठी आम्ही दरवर्षी डब्याच्या झाकणांत गहू नाहीतर नाचणी पेरतो. नाताळपर्यंत वीतभर वाढलं की ती झाकणं बाळ येशूच्या गोठ्याभोवती ठेवायची, झालं कुरण. (अशा गोठ्याचा देखावा पहिल्यांदा मांडला संत फ्रान्सिस असिसीकरांनी, १२२३ साली, इटलीतल्या ग्रेच्चो गावात. त्यांनी खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं. आमच्याकडे प्लॅस्टिकचा बैल आहे, त्याचं एक शिंग लहानपणी मीच चावलंय.) गेल्या वर्षी माझे गहू कुजले होते. यंदा पंधरा तारखेला पेरायला घेतले तेव्हा काकू पॅसेजमधून बघत होत्या. न राहवून आत आल्या. "अरे, ओततोस काय! शिंपडायचं नुसतं. आणि दोन दिवस झाकून ठेव, मग पिवळे छान येतात." चाळीसेक वर्षं घरी घट बसवणारी बाई ती. नवरात्रातला घट काय आणि आमचा गोठा काय, गव्हाला दोन्हीकडे उगवायचंच असतं. रोज सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की आधी त्या झाकणांकडे बघायच्या, मग माझ्याकडे.

तर त्या दिवशी काकूंनी परातीत डोकावून पाहिलं, माझ्या हातातला कंगवा पाहिला आणि म्हणाल्या, "या तर आमच्या नखुल्याच की रे!" पदर खोचला, खाली बसल्या. लग्नाकार्यात खिरीसाठी हाताने गव्हले-नखुल्या वळलेले हात ते. कंगवा बाजूला ठेवून त्यांनी पहिला कुलकुल नखावरच वळला. आईने खुर्चीतून हात पुढे केला, तो तळहातावर घेऊन फिरवून बघितला. मला वाटलं आता काहीतरी खोट निघणार. आई म्हणाली, "चांगला आहे. पण रेघा हव्यात." मग काकूंनी कंगवा घेतला. पुढचा दीड तास त्या दोघी कुणाच्या सासूने कुणाला किती छळलं यावर बोलत होत्या, मी फक्त तळत होतो, आणि एकही कुलकुल उलगडला नाही.

रात्री जेवणाआधी आमच्याकडे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते. ती संपली की आईची पुरवणी सुरू होते. दिवसभरात जे जे मिळालं त्याबद्दल देवाचे आभार, पण नाव घेऊन, तपशिलासकट. "आज पाणी सहालाच आलं. लिफ्ट चालू होती. फिजिओवाल्या मुलीने पाय जास्त वाकवला नाही. कोलंबी ताजी मिळाली." लहानपणी मला याचा फार कंटाळा यायचा. समोर जेवण निवतंय आणि आई कोलंबीवर. आईचं लग्न झालं तेव्हा मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये व्हायची. मराठीतून प्रार्थना आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या मोठ्या सभेनंतर, साठच्या दशकात. तोवर चर्चमध्ये काय बोलतात ते तिला कळत नसे, पाठ होतं तेवढं म्हणायचं. मला वाटतं ही पुरवणी तिने तेव्हाच सुरू केली असावी, निदान एवढं तरी आपल्या भाषेत म्हणून. वीस तारखेच्या पुरवणीत काकूंची बोटं आली. "तिच्या बोटांना आराम पडू दे" असं नाही, नुसतंच "काकूंच्या बोटांबद्दल." माझ्या तळण्याचा उल्लेख नव्हता.

चोवीसला मिस्सा झाली. आमच्याकडे तिला अजून मध्यरात्रीचीच म्हणतात, पण लाउडस्पीकरच्या नियमामुळे रात्री दहाच्या आत सगळं उरकतं. हिच्याशिवाय गेलो. मैदानात थंडी होती, आईला शालीत गुंडाळून शेवटच्या रांगेत बसवलं. साडेअकराला हिचा मेसेज आला, वॉर्डात केक कापला, सात नंबरच्या आजोबांनी दोन तुकडे खाल्ले, शुगर आहे त्यांना, कुणाला सांगू नको. सकाळी ती साडेनऊला घरी आली. रिकाम्या लोकलमध्ये पाय पसरून बसायला मिळालं म्हणून खूश होती. कुलकुल तोंडात टाकला, चावला, आणि कुठलीही घाई न करता म्हणाली, "हे तू केलेले नाहीत."

आता ताटली.

दिवाळीत काकूंकडून आलेली स्टीलची ताटली आमच्या मांडणीवर होती. मागच्या बाजूला टिंबाटिंबांनी त्यांचं माहेरचं आडनाव कोरलंय, खाली १९८१. भांडं रिकामं परत करायचं नाही हा नियम दोन्ही घरांत आहे, आम्ही इथे राहायला आलो १९९४ साली तेव्हापासून. दिवाळीत ती चकल्या-करंज्या घेऊन आमच्याकडे येते, नाताळात आमचा फराळ घेऊन जाते. संक्रांतीला तिळगूळ, ईस्टरला केक, गणपतीत मोदक, असं चालूच. म्हणजे ताटली काकूंची, पण वर्षातला निम्मा काळ आमच्याकडे. मी एकदा गंमत म्हणून हिशेब मांडायला बसलो होतो, आजच्या तारखेला नक्की कोण कुणाचं देणं लागतं. येणे-देणे दोन रकाने आखले. ताटली भरून आली की ती येण्यात धरायची की परतफेडीत, तिथेच अडलो आणि कागद रद्दीत टाकला.

यंदा तिच्यात कुलकुल, दोन करंज्या, केकचा एक तुकडा (अंड्याचा आहे हे दरवर्षी सांगावं लागतं, काका दरवर्षी "असू दे" म्हणतात) आणि आगाशीची सुकेळी (सुकवलेली केळी) ठेवली. कडेला काकूंच्या गव्हाची एक हिरवी जुडी कापून ठेवली, ती लेकीची कल्पना. काकूंनी जुडी उचलून देव्हाऱ्यात ठेवली. म्हणाल्या, "माझ्या घटापेक्षा बरे आलेत."

आज अठ्ठावीस तारीख. दिवाळीला जो आकाशकंदील होता त्याच वायरला पॅसेजमध्ये आमची चांदणी लटकतेय. काका रोज रात्री बटण बंद करतात आणि मी पहाटे चुकून परत लावतो. आई रोज संध्याकाळी विचारते, "ताटली आली का?" म्हटलं, आई, संक्रांत चौदा तारखेला आहे.

"बरं," म्हणाली. "वाटीभर तीळ आणून ठेव. काकूंच्या बोटांना मदत लागेल."