राख जपायची कशाला?

राखेचा ढीग जपायचा कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हंपीला माझ्याबरोबर कुणी आलं की विठ्ठल मंदिरानंतर मी त्यांना जवळच्या निंबापूर गावात नेते. तिथे राखेचा मोठा ढीग आहे. परवा मावशी म्हणाली, "एवढ्या उन्हात हे बघायला आणलंस? राख ती राख, ती कसली जपायची?"

रामाने मारलेल्या वालीला इथेच अग्नी दिला, असं गावात सांगतात. पुरातत्त्ववाले म्हणतात, शेण! कर्नाटक, आंध्र, तेलंगणात असे शंभराहून जास्त ढीग आहेत, नवाश्मयुगातल्या, म्हणजे अश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या गुराख्यांचे. गोठ्यातलं शेण साठवायचं, पेटवायचं, त्यावर पुन्हा साठवायचं, पुन्हा पेटवायचं, कित्येक पिढ्या. कुठेकुठे धग अशी की राख वितळून काचेसारखी झाली. मावशीने उचललेला खडा तसलाच होता. बुडबुड्यांनी पोखरलेला, हातात घेतला तर हलका.

तेलंगणातल्या उतनूरच्या ढिगात 1957 मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑल्चिननी खणलं, तेव्हा राखेत गुरांच्या खुरांचे ठसे मिळाले. हे पेटवणं त्यांना होळी-पोंगलच्या आगीचं पूर्वज वाटलं. आपण होळीत गोवऱ्या टाकतो, त्यामुळे मला ते आवडतं. पटतंच असं नाही.

मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ पद्दय्या यांनी कर्नाटकातल्या बुदिहाळला ढिगाच्या आजूबाजूलाही खणलं. तिथे घरं निघाली, जनावरं कापायची जागा निघाली. म्हणजे नुसता गुरांचा तळ नव्हे, नांदती वस्ती. ढिगाला कुंपण घालून शेजारची जमीन नांगरली तर यातलं काय उरणार?

दगडी देवळाचा खांब चोरायला ट्रक लागतो. राखेला फावडं पुरतं. शेतकऱ्यांनी खत म्हणून ती पूर्वापार नेली आहे, त्यांना तरी काय दोष द्यायचा? पण थर एकदा कालवले की कोणती आग आधीची नि कोणती नंतरची, ते कुणालाच सांगता येत नाही. 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामाला बंदी आहे, पण त्यासाठी आधी यादीत नाव लागतं. आणि यादीत नाव यायला ढीग आधी कुणाच्या तरी नजरेत भरावा लागतो.

मावशीला खडा परत ठेवायला लावला. गाडीत बसताना म्हणाली, "तुळशीला चांगला झाला असता गं."