बिशानची नदी आणि ताईच्या तळ्यातले मासे

"सिंगापुरात काय बघायचंय तुला?" ताईनं विचारलं. मी म्हटलं, "नाला." तिला वाटलं, चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्यानं काय केलं ते पुणेकरांना सांगायला नको. आमच्या पार्किंगमधल्या गाड्या सकाळी एकमेकींवर चढून बसलेल्या होत्या. तेव्हापासून कुठल्याही शहरात गेलो की आधी तिथल्या ओढ्या-नाल्यांकडे नजर जाते.

मग शनिवारी भाच्याला घेऊन बिशानला गेलो. स्टेशनपासून रमतगमत चालत बिशान-आंग मो कियो पार्क. भोवताली सरकारी वसाहतींच्या उंच इमारती, गॅलऱ्यांतून वाळणारे कपडे आणि मधोमध वळणं घेत जाणारी कल्लांग नदी. काठाला गुडघाभर गवत, पाण्यात दगड, त्यावर एक बगळा. कुंपण नाही, कठडा नाही. पोरं थेट पाण्यात उतरलेली.

ही नदी इथं २.७ किलोमीटरचा सरळसोट सिमेंटचा कालवा होती. तो फोडून २०१२ साली तिला पुन्हा वाकडं केलं. वळणं आल्यावर लांबी झाली ३.२ किलोमीटर. फोडलेलं काँक्रीटही टाकून दिलं नाही, त्यातून बागेतच एक टेकाड उभं केलंय. भाचा धावत वर गेला आणि म्हणाला, "मामा, आपण नाल्यावर उभे आहोत!"

मला काठ जवळून बघायचा होता. उकिडवा बसलो. दगड रचलेले, त्यांच्या फटींतून झाडं फुटलेली. काही ठिकाणी मातीचे थर कापडात गुंडाळून त्यात रोपं लावलीत, कुठे फांद्यांच्या मोळ्या उतारावर बसवल्यात. मुळं वाढली की तीच माती धरून ठेवतात, असा सगळा हिशेब. माती धुपेल की काय, ही शंका त्यांनाही होतीच. म्हणून आधी एका छोट्या उपनाल्यावर हे सगळं करून बघितलं होतं.

तीनच्या सुमारास तिथला तो रोजचा पाऊस आला. आम्ही छपराखाली. पंधरा-वीस मिनिटांत मघाचा बगळ्याचा दगड दिसेनासा झाला, पाणी चहासारखं लाल झालं आणि गवतात शिरलं. माझ्या पोटात गोळा. बाकी कुणाला काही नाही. कारण ते गवत त्यासाठीच आहे. मोठा पाऊस झाला तर नदी सुमारे १०० मीटर रुंद पसरते. तोवर पाणी मोजणाऱ्या यंत्रांवरून दिवे आणि भोंगे वाजून माणसं वर सरकलेली असतात. बाग म्हणजेच नदीच्या पुराची जागा. आपल्याकडे ती जागा आधी भिंत बांधून 'मोकळी' करतात आणि मग विकतात.

उगाच भाबडेपणा नको. हा काही रानातला निसर्ग नाही, पैसा आणि माळी दोन्ही भरपूर लागलेत.

पाऊस थांबल्यावर छत्री मिटत एक चिनी आजोबा कॅमेरा घेऊन आले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पुलाखाली दाखवलं. पाण्यातून पाच चपटी डोकी वर आली. पाणमांजरं! एकानं मासा दोन्ही पंजांत मक्याच्या कणसासारखा धरला आणि डोक्याकडून सुरुवात केली. काडकन आवाज आमच्यापर्यंत आला. त्यांना इथं कुणी आणून सोडलेलं नाही. नद्या स्वच्छ झाल्यावर ती आपणहून शहरात शिरली. हीच जात गोव्यात चोडणलाही आहे. तिथं दोन पहाटे घालवून मला चिखलातले ठसे तेवढे मिळाले होते. आणि इथं, मागून मेट्रो जात असताना!

संध्याकाळी ताईला रसभरीत वर्णन ऐकवलं. ती थंडपणे म्हणाली, "ती आमच्याकडे येऊ नयेत म्हणजे मिळवली." त्यांच्या इमारतीच्या तळ्यात शोभेचे कोई मासे, एकेक हातभर लांबीचा. सिंगापूरच्या पाणमांजरांचा त्यांच्यावर भारी जीव.

पुण्याला परतून दोन आठवडे झाले नसतील, भाच्याचा फोन. आवाजात दुःख कमी, आनंदच जास्त.

"मामा, काल रात्री ती आली होती. आता फक्त तीन उरलेत!"