दिवाळीपर्यंतची टीम आणि दिवाळीनंतरची टीम

यंदा येळवशीला (वेळा अमावस्येला) चार दिवस सुट्टी टाकून गावी गेले होते. आमचं गाव कळंब तालुक्यात, मांजरा ओलांडली की पलीकडं केज, म्हणजे बीड जिल्हा. पुण्यात राहून थंडी विसरल्यासारखी झाली होती, इथं पहाटे साडेसहाला दार उघडलं तर समोरचा गोठा दिसेना एवढं धुकं, आणि त्या धुक्यातून आवाज आला, "खो!" मग टाचा आपटल्याचा आवाज, परत "खो!" मी चहा तसाच ठेवला, आईची शाल ओढली आणि शाळेकडं निघाले, कारण हा आवाज मी पंचवीस वर्षांनी जरी ऐकला असता तरी ओळखला असता.

आमच्या प्रशालेचं मैदान म्हणजे काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल. त्यामुळं शालेय स्पर्धा कागदावर पावसाळ्यातच सुरू होत असल्या तरी आमच्याकडं खरा खेळ थंडीतच. ऑक्टोबरात जमीन वाफशावर येते, मग पोरं दगड वेचतात, मुरूम टाकतात, पाणी मारतात, फक्कीनं रेघा ओढतात, आणि संक्रांतीपर्यंत ते मैदान टाचेला धरतं. पळायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत, घाम येतो पण दम लागत नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती शिडी, वरच्या पायऱ्या दिवाळीच्या पुढंच येतात. जिल्हा परिषदेच्या बारक्या पोरांच्या केंद्राच्या आणि बीटच्या स्पर्धा बऱ्याचदा डिसेंबर-जानेवारीत, त्यालाच लागून गॅदरिंग. म्हणजे आमच्या भागात शाळेतल्या खेळाचा सीझन कुठला म्हणाल तर हिवाळा.

आणि उसाचा सीझनही हिवाळाच. मला हे लिहायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली की कारखान्यांचं गाळप जोरात सुरू होतं आणि आमच्या भागातून, बीडमधून तर त्याहून जास्त, ट्रक भरभरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकटा गडी असला तर अर्धा कोयता. मुकादमाकडून उन्हाळ्या-पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं, एखादा दिवस चुकला तर खाडा पडतो. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. आणि जोडी गेली की मागं लहानगं सांभाळायला, कोपीत (फडावरच्या झोपडीत) भाकरी टाकायला, पाणी भरायला थोरली पोरगी सोबत जाते. थोरली म्हणजे बारा-तेरा-चौदा वर्षांची, म्हणजे बरोबर खो-खोच्या वयाची.

मी नववीत होते तेव्हा आमच्या टीममध्ये एक पोरगी होती, नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. माझ्या आयुष्यात मी तिच्याइतकं चांगलं पळताना शाळेतल्या कुणालाच पाहिलं नाही. आठ जणी पाट्यांवर एकीआड एक उलट्या तोंडानं बसलेल्या, नववी मागं लागलेली, आणि ही मधून वाऱ्यासारखी जायची. मागं लागणारीला मधून जायची मुभा नसते, तोंड फिरवायची मुभा नसते, पळणारीला सगळी असते, हे सगळ्यांनाच माहीत असतं पण वापरता तिलाच यायचं. बाकीच्या पोरी घाबरून जोरात पळतात, ती हळू पळायची. चेझर दोन हातांवर आली की खांद्यानं डावीकडं हूल द्यायची आणि कंबर उजवीकडं जायची, खांद्याचं आणि कंबरेचं जणू भांडण असल्यासारखं. खांबापाशी तर तिला धरणं अशक्य, खांबाला हात न लावता नुसती त्याच्याभोवती फिरायची आणि सूर मारणारी तोंडावर पडायची. सर शिट्टी तोंडात धरून विसरून जायचे वाजवायला.

तालुक्याला आम्ही जिंकलो, एक डाव राखून. जिल्ह्याचे सामने उस्मानाबादला (आताचं धाराशिव, तेव्हा नाव तेच होतं) तुळजाभवानी स्टेडियमवर होते, दिवाळीनंतर. आणि सामन्याच्या दोन दिवस आधी वस्तीवर ट्रक लागला. सर सायकलवर गेले, मी आणि अजून दोघी मागं पळत गेलो. सरांनी तिच्या वडिलांना हात जोडले, म्हणाले आठ दिवस ठेवा हो दादा, माझ्या घरी राहील, माझ्या बायकोजवळ, नंतर मी स्वतः आणून सोडतो. वडील काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "गुर्जी, बारकं सा म्हैन्याचं हाय, त्याला फडात कुठं ठिवू?" यावर सरांकडं उत्तर नव्हतं, आमच्याकडं तर काय असणार. ती ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यावर बारक्याला घेऊन बसली होती आणि आमच्याकडं बघत नव्हती.

आम्ही जिल्ह्याला पहिल्याच सामन्यात हरलो. पेपरात दोन ओळी आल्या, त्यात जिंकलेल्या टीमच्या पोरींची नावं आणि कंसात त्यांच्या पळतीची, म्हणजे बाद न होता किती वेळ पळत राहिल्या त्याची, मिनिटं. मी ते कात्रण ठेवलं होतं आणि एप्रिलमध्ये ती परत आल्यावर तिला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. मग एवढंच म्हणाली, "दीड मिनिटावर सगळ्यात जास्त हाय व्हय?" तिची पळती तालुक्याला दोन मिनिटं दहा सेकंद होती. दहावीला ती आली नाही, पुढल्या उन्हाळ्यात लग्न झालं.

हे सगळं धुक्यात चालताना आठवत होतं असं नाही म्हणणार, पण मैदानापर्यंत पोचेपर्यंत घसा भरून आला होता हे खरं.

मैदानावर चौदा पोरी आणि एक तरुण सर, आमच्या वेळचे सर कधीच रिटायर झाले. हे सर लातूरकडचे, स्वतः युनिव्हर्सिटी खेळलेले. मी ओळख सांगितली तर लगेच वही काढून दाखवली, जुनी दोनशे पानी वही, त्यात पोरींची नावं दोन रकान्यांत. मला वाटलं आक्रमण आणि संरक्षण असेल. तर म्हणे, "नाही ताई, ही दिवाळीपर्यंतची टीम, आणि ही दिवाळीनंतरची." म्हणजे जूनमध्येच ते घरोघर जाऊन विचारतात, यंदा उचल घेतली का, पोरगी जाणार का राहणार, आणि त्यावरून वर्षाचं प्लॅनिंग. पहिल्या रकान्यात अकरा नावं होती, त्यातली पाच दुसऱ्यात होती. उरलेल्या सहा पोरी आज कुठंतरी सांगलीकडं, कोल्हापूरकडं उसाच्या फडात आहेत. मी ती वही बराच वेळ हातात धरून उभी होते.

मराठवाड्यात टॅलेंट नाही असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आमच्याच जिल्ह्याची सारिका काळे भारताची कॅप्टन झाली, २०१६ च्या साउथ एशियन गेम्सला गोल्ड, २०२० ला अर्जुन पुरस्कार, आणि लहानपणी घरात एक वेळच्या जेवणाची मारामार होती हे तिनं स्वतः सांगितलंय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, बायकांच्या फायनलला आपण नेपाळला ७८-४० असं हरवलं, त्या टीमची कॅप्टन प्रियांका इंगळे मूळची केज तालुक्यातली, म्हणजे आमच्या नदीपलीकडची, आणि टीममध्ये धाराशिवची अश्विनी शिंदे. फायनलच्या रात्री आमच्या गावात पारावर मोबाईल लावून मॅच बघितली असं आई सांगत होती, एरवी तिथं फक्त क्रिकेट. क्रिकेटलाही काही कमी नाही म्हणा, बीडच्या सचिन धसनं २०२४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला ३२ वर ४ गेल्यावर ९६ काढले. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ ला कॉमनवेल्थचं कुस्तीचं गोल्ड घेऊन आला.

आणि अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातलं मांडवा, आई-वडील वीटभट्टीवर कामाला, शाळा सहा किलोमीटर लांब, पोरगं पळत जायचं-यायचं. बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटला, सियाचीन बघितलं, स्टीपलचेस तिथं सैन्यात गेल्यावरच सुरू झालं. तीन हजार मीटर, २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी, आणि हे आमच्या दुष्काळी भागातलं पोरगं करतंय! २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला केनियाच्या खेळाडूच्या मागं फक्त पाच शतांश सेकंदानं सिल्व्हर, तोवर १९९८ पासून या शर्यतीतली तिन्ही मेडलं दरवेळी केनियाच नेत होता. पुढं एशियन गेम्सचं गोल्ड, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ८:०९.९१ चा नॅशनल रेकॉर्ड. ती बर्मिंगहॅमची रेस मी ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला दाखवत होते, ती म्हणाली कुठला गं हा, मी म्हणाले आमच्याकडचा. आष्टी आमच्या गावापासून लांबच आहे, तरी म्हणाले, आणि परत म्हणेन.

पण या यादीकडं बघताना मला दरवेळी त्या वहीतला पहिला रकाना दिसणार आता. ही सगळी माणसं आपापल्या घरच्यांच्या कष्टानं, एखाद्या सरांच्या हट्टानं वर आली. ज्यांच्या घरी ट्रक लागला त्यांचं काय? हंगामी वसतिगृहाची योजना आहे, गावातच आजी-आजोबांकडं राहणाऱ्या लेकरांच्या जेवणाची सोय होते तिच्यात, चांगली योजना आहे, मी तिच्या बाजूनं भांडेन. पण ती ट्रक लागायच्या आधी सुरू झाली पाहिजे. डिसेंबरात जेवण सुरू करून काय उपयोग, पोरगी नोव्हेंबरातच गेली. आईबापाला जाताना समोर चूल पेटलेली दिसली तरच ते लेकरू मागं ठेवतात, सरकारी कागद बघून कोण ठेवील? आणि बारक्याला सांभाळायला फडावर काही सोय झाली तर थोरली सुटेल, खरी गाठ तिथं आहे. आमच्या सरांना वडिलांनी हेच विचारलं होतं.

नवे सर म्हणाले, मी आईबापाला मेडलचं सांगत नाही, दहावीला खेळाचे गुण मिळतात ते सांगतो, नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे ते सांगतो, कधी पटतं कधी नाही. यंदा दोन पोरी त्यांनी अशा अडवल्यात. त्यातली एक तेव्हा पळत होती.

मैदानाच्या कडेला बाभळीखाली एक म्हातारी घोंगडं पांघरून बसली होती, समोर काटक्यांची शेकोटी, आणि ओठ हलत होते. मला वाटलं नामस्मरण. मी शेजारी टेकले.

"कुनाची गं तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. "व्हय का, बस माय," म्हणाली, आणि परत ओठ हलायला लागले. एका हाताची बोटं मोजत होती, वीस झाले की दुसऱ्या हातानं एक खडा पुढं सरकवत होती. तेवढ्यात मैदानावरची पोरगी बाद झाली, खांबाजवळ, चेझरनं सूर मारून पाय धरला. म्हातारीनं खडे बघितले.

"चार इसा आन् सात," म्हणाली.

मला कळायला वेळ लागला. ती नातीची पळती मोजत होती. घड्याळ कळत नाही, म्हणून एक-दोन-तीन करत विसाला एक खडा. रोज पहाटे पोरीसोबत येते, अंधारात एकटी कशी सोडायची म्हणून, आणि आलीच आहे तर मोजते. लेक-सून कर्नाटकात फडावर आहेत, बारकं त्यांनी सोबत नेलंय. "सून म्हनली, ऱ्हाऊ द्या हिला, म्या करीन कसं बी. तिला बी लई हौस व्हती पळायची, शाळंत असताना."

मी कोण सून, कुठली, काही विचारलं नाही. तेवढं धाडस झालं नाही.

पोरगी धापा टाकत आली, बारा-तेरा वर्षांची, अंगात कुणाचातरी मोठा स्वेटर, अनवाणी, टाचांना काळी माती. आजीनं खडे पुसून टाकले आणि म्हणाली, "काल पाच इसा व्हतं की गं. आज खांबाकडं लवकर कामून गेलीस?"

"पाय घसरला गं."

"मंग परत जा."

ती गेली. सरांनी शिट्टी वाजवली, धुकं तोवर निम्मं वर गेलं होतं आणि पलीकडची तूर दिसायला लागली होती. मी मोबाईल काढला, स्टॉपवॉच लावलं. पोरगी यावेळी हळू पळत होती, मधून-मधून, चेझर जवळ येईपर्यंत थांबत होती, पहिला खांब तिनं सोडलाच. शेजारी म्हातारीचे ओठ हलत होते, एक खडा, दुसरा, तिसरा. चौथा सरकला. पाचवा सरकला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही पण तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि घट्ट बसला.

"पाच इसा आन् धा."

माझ्या मोबाईलवर १:५२ झाली होती, आणि पोरगी अजून आतच होती.