शाशेमेनेच्या वाटेवर: रास्ताफारींचं सियोन

अदिस अबाबाच्या होली ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये शिरताना चपला दाराशी काढून ठेवाव्या लागतात. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हा नियम सगळीकडे आहे. मोशेला जळत्या झुडपापाशी ‘पायांतले जोडे काढ’ असं सांगितलं गेलं, तीच आज्ञा इथे अजून पाळली जाते. आत ग्रॅनाइटच्या दोन भव्य शवपेट्या आहेत, अक्सुम या प्राचीन राज्याच्या घडणीच्या. एक सम्राट हैले सेलासी यांची, दुसरी सम्राज्ञी मेनेन यांची.

लष्करी राजवटीच्या कैदेत १९७५ साली सम्राटांचा मृत्यू झाला. त्यांच्या अस्थी राजवाड्याच्या आवारात जमिनीखाली पुरलेल्या सापडल्या त्या १९९२ साली, आणि इथे विधिपूर्वक दफन झालं ५ नोव्हेंबर २००० रोजी. त्या दिवशी जगभरातून रास्ताफारी, म्हणजे हैले सेलासींना देव मानणाऱ्या, जमैकात जन्मलेल्या पंथाचे लोक लोटतील असं वाटत होतं. आले फारच थोडे. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या लेखी हैले सेलासी गेलेलेच नाहीत, मग अंत्ययात्रेला यायचं कशाला?

ज्या चर्चने या माणसाला बाप्तिस्मा दिला, राज्याभिषेक केला आणि मातीही दिली, त्या चर्चसाठी तो एक श्रद्धाळू राजा होता. हजारो मैलांवरच्या जमैकातल्या गरिबांसाठी तो देव झाला. मधलं अंतर कसं कापलं गेलं, हे जिथे दोन्ही टोकं भेटतात तिथे जाऊन पाहायचं म्हणून मी इथिओपियात आले होते.

जमैकातली गोष्ट थोडक्यात सांगते. २ नोव्हेंबर १९३० रोजी अदिसच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये रास तफारी मकोनन यांचा हैले सेलासी या नावाने राज्याभिषेक झाला. ‘राजांचा राजा’, ‘यहूदा वंशाचा विजयी सिंह’ ही बिरुदं त्यांच्या नावापुढे लागली. ही बातमी आणि फोटो जमैकात पोचले, तेव्हा तिथली काळी माणसं गुलामगिरी संपून शंभर वर्षं होत आली तरी मळ्यांच्या आणि वसाहतीच्या जाचाखालीच होती. त्यांच्या घरात एकच पुस्तक असे, बायबल. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात सात शिक्के फोडणारा ‘यहूदा वंशाचा सिंह’ त्यांना पाठ होता. अडुसष्टाव्या स्तोत्रात इथिओपिया देवापुढे हात पसरेल असं भाकीत आहे, आणि रास्ता ज्या नावाने देवाला हाक मारतात ते ‘जाह’ही त्यांच्या इंग्रजी बायबलमध्ये त्याच स्तोत्रात येतं. काळ्यांच्या स्वाभिमानाची चळवळ उभारणारे जमैकन नेते मार्कस गार्वी यांनी आफ्रिकेकडे पाहायला आधीच शिकवलं होतं. लेनर्ड हॉवेल या उपदेशकाने पुढचं पाऊल टाकलं आणि उघड सांगितलं, की आपला राजा इंग्लंडात नाही, इथिओपियात आहे. १९३४ साली त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

हॉवेलने ‘जी. जी. मराघ’ हे नाव घेऊन लिखाण केलं, आणि त्या नावामागे आपले लोक आहेत. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६,००० हिंदी मजूर करारावर जमैकात गेले होते. ‘मराघ’ म्हणजे महाराज. जटा, गांजा आणि शाकाहार या तिन्हींत हिंदी साधूंचा वाटा किती, यावर अभ्यासक वाद घालतात. स्वतः रास्ता जटांचं समर्थन देतात ते गणनाच्या सहाव्या अध्यायातून, नाजीराच्या व्रतातून: डोक्याला वस्तरा लावायचा नाही आणि द्राक्षारस प्यायचा नाही. शमशोनाचं व्रत तेच.

राज्याभिषेकाच्या त्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये मी रविवारी पहाटे गेले. अडवाच्या लढाईत इथिओपियाने १८९६ साली इटलीचा पराभव केला, त्यानंतर मेनेलिक दुसरा याने हे अष्टकोनी चर्च बांधायला घेतलं. अंधार असतानाच ‘नेतेला’ ही पातळ पांढरी सुती शाल पांघरलेली माणसं आवारात उभी होती. कुणी भिंतीला कपाळ टेकवत होतं, कुणी उंबरठ्याचं चुंबन घेत होतं. फाटकाशी पिवळसर वस्त्रातला एक बाहतावी, म्हणजे रानावनात राहणारा संन्यासी, बसला होता आणि त्याच्या जटा खांद्याच्या खाली आल्या होत्या. जमैकाच्या कितीतरी आधीपासून असे जटाधारी या देशात आहेत.

आत गेएझ या प्राचीन भाषेतली उपासना तासन्‌तास चालली. सहाव्या शतकातल्या संत यारेदने ही गायनपद्धती घालून दिली, असं परंपरा मानते. कुणाच्या गळ्यात केबेरो नावाचा मोठा ढोल, कुणाच्या एका हातात उंच काठी आणि दुसऱ्या हातात त्सेनात्सिल, म्हणजे हलवलं की खुळखुळणारं धातूचं वाद्य. गाणारे देबतेरा समोरासमोर दोन रांगांत उभे राहून संथ झुलतात, लय वाढत जाते, पावलं पुढेमागे पडू लागतात. आषाढात दिंडीतले टाळकरी पावली खेळतात ना, अगदी तसं. कराराच्या कोशापुढे, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीपुढे, दावीद राजा नाचला, त्याचंच हे नाचणं, असं शेजारच्या आजोबांनी मला खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत समजावलं.

प्रत्येक इथिओपियन चर्चच्या गाभाऱ्यात कराराच्या कोशाचं प्रतीक असलेला ताबोत असतो, आणि त्याच्याशिवाय चर्चला चर्चपण नाही. मूळ कोश अक्सुमला मरियम त्सियोन चर्चच्या आवारात आहे, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. चौदाव्या शतकातल्या ‘केब्रा नेगास्त’ या ग्रंथात ती कथा येते: शबाची राणी माकेदा शलमोनाकडे गेली, तिला मेनेलिक हा मुलगा झाला आणि तो मोठेपणी कोश घेऊन इथे आला. सियोन, म्हणजे देवाचं पवित्र निवासस्थान, आता यरुशलेमेत नाही, इथे आहे, हा त्या ग्रंथाचा दावा आहे. लालीबेलाची अखंड खडकात कोरलेली ११ चर्चं याच भावनेतून पाहावी लागतात. तिथल्या ओढ्याचं नाव यार्देन आहे आणि एका चर्चचं गोलगोथा.

मला वाटतं, सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याच मुद्द्याकडे. ‘इथिओपिया हेच सियोन’ ही कल्पना किंग्स्टनच्या वस्तीत पहिल्यांदा सुचली असं समजून रास्तांना भाबडं ठरवलं जातं. प्रत्यक्षात हा देश स्वतःबद्दल किमान सहाशे वर्षं तेच म्हणत आला आहे.

आणि त्याची ख्रिस्ती मुळं त्याहून कितीतरी खोल आहेत. चौथ्या शतकात अक्सुमचा राजा एझाना ख्रिस्ती झाला आणि त्याच्या नाण्यांवर चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला. त्याला हा मार्ग दाखवणारा फ्रुमेंतिउस मूळचा तायर बंदराचा. अलेक्झांड्रियाच्या अथानासिउसने त्याला बिशप नेमलं, आणि तेव्हापासून थेट १९५९ पर्यंत इथिओपियाचं चर्च इजिप्तच्या कॉप्टिक चर्चच्या अधिकाराखाली राहिलं. युरोपचा मोठा भाग ख्रिस्ती होण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पाने बाप्तिस्मा दिलेला कंदाके राणीचा कोषाध्यक्ष इथिओपियन ख्रिस्ती आपला मानतात. त्याचं राज्य मेरोए, म्हणजे आजच्या सुदानात होतं, हे इतिहासाच्या दृष्टीने सांगायला हवं. पण म्हणून अक्सुमचं जुनेपण कमी होत नाही.

पाश्चात्त्य चर्चने बाजूला ठेवलेलं बरंच काही इथे टिकलं. शनिवार आणि रविवार दोन्ही पवित्र, मुलाची आठव्या दिवशी सुंता, डुकराचं मांस वर्ज्य. हनोखाचा ग्रंथ संपूर्ण उरला तो फक्त गेएझमध्ये, आणि या चर्चच्या ८१ पुस्तकांच्या बायबलमध्ये तो आजही आहे. रास्ता मंडळी या ग्रंथाला फार मान देतात. वसाहतवाल्यांनी आपल्या हातात दिलेलं बायबल अपुरं होतं, ही त्यांची शंका इथे येऊन खरी ठरते.

बुधवार-शुक्रवार उपास असतो, तेव्हा मांस, दूध, लोणी, अंडी काहीच चालत नाही. आपल्यासारख्या शाकाहाऱ्यांनी त्या दिवशी खानावळीत ‘त्सोम’ एवढा शब्द उच्चारायचा. इंजेरा या आंबवलेल्या मोठ्या धिरड्यावर शिरो (डाळीच्या पिठाचं कालवण), मसूर, बीट आणि कोबीचे ढीग वाढून येतात.

शाशेमेने अदिसपासून दक्षिणेला सुमारे २५० किलोमीटर. मोजोवरून खाली रिफ्ट खोऱ्यात उतरलं की तळी सुरू होतात. झ्वाय तळ्याच्या काठी मासळीच्या आशेने मराबू करकोचे कोळ्यांच्या मागे फिरत होते. याच तळ्यातल्या एका बेटावर जुना मठ आहे. दहाव्या शतकात गुदित राणीने अक्सुम जाळलं, तेव्हा कोश इथे आणून लपवला होता, अशी परंपरा आहे. म्हणजे रास्तांच्या आधी कोशही याच वाटेने दक्षिणेला आला होता!

शाशेमेने शहराच्या उत्तर टोकाला ‘जमैका सेफेर’, म्हणजे जमैका वस्ती, लागते. लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांची फाटकं, त्यांवर सिंह. ही जमीन हैले सेलासी यांनी १९४८ साली दिली. इटलीच्या आक्रमणाच्या काळात पाश्चात्त्य देशांतल्या ज्या काळ्या लोकांनी इथिओपियाची बाजू घेतली, त्यांच्यासाठी इथियोपियन वर्ल्ड फेडरेशनच्या हाती सोपवलेली २०० हेक्टर. १९७४ च्या क्रांतीनंतर जमिनीचं राष्ट्रीयीकरण झालं आणि वस्तीकडे त्यातला छोटासा तुकडा उरला.

तिथे मला एका वयस्क बाईंनी आपल्या अंगणात बसवलं. त्या तरुणपणी जमैकाहून आल्या. डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, हातात कडा झिजलेलं बायबल. त्या ‘ट्वेल्व्ह ट्राइब्ज ऑफ इस्रायल’ या शाखेच्या. १९६८ साली किंग्स्टनमध्ये निघालेल्या या शाखेत रोज बायबलचा एक अध्याय वाचायचा दंडक आहे. सम्राट देव आहेत का, असं मी विचारलं. त्यांचं उत्तर लांब होतं आणि त्यात दर दोन वाक्यांनी एक वचन येत होतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे ख्रिस्त परत येणार ते दाविदाच्या वंशाचा राजा म्हणून, आणि सम्राटांत त्यांना तो दिसला. शेजारी राहणारा, रास्तांच्याच न्याबिंघी शाखेचा माणूस मात्र सरळ म्हणाला, हैले सेलासी म्हणजेच जाह. दोघांच्या दारावर सिंह एकच.

न्याबिंघींच्या मंडपात संध्याकाळी तीन ढोल वाजले: बास, फुंडे आणि रिपीटर. हृदयाच्या ठोक्यासारखी दुहेरी थाप आणि त्यावर १३७ वं स्तोत्र. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्या बंदिवानांचं ते गाणं या लोकांच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पणज्या-खापरपणज्यांना बेड्या घालून नेलं होतं, आणि ही माणसं परत आली आहेत. सेंट जॉर्जमधला केबेरो आणि हा ढोल यांच्यात वंशावळीचा संबंध नाही. न्याबिंघीचा ताल जमैकात, पश्चिम आफ्रिकेतून नेलेल्या लोकांच्या आठवणींतून घडला. पण दोन्हीकडे स्तोत्रं ढोलावरच म्हटली जातात. जमैकातल्या युरोपीय मिशनऱ्यांना ढोल सैतानाचा वाटायचा. इथे आलेल्या रास्तांना दिसलं, की जगातलं एक सर्वांत जुनं चर्च तो गाभाऱ्यापुढे वाजवतं.

बाईंनी मी कुठली ते विचारलं. मी वाढले त्या शहराबद्दल सांगितलं. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात ते गाव १६१० साली खडकी नावाने मलिक अंबरने वसवलं. लहानपणी इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला तो मुलगा पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षं झुंजवलं आणि त्याच्या नहरीचं पाणी शहराने शतकानुशतकं प्यायलं. बाई ताठ बसल्या. त्यांना अटलांटिक पलीकडचा गुलामांचा व्यापार तोंडपाठ होता, पूर्वेकडे नेलेल्यांची गोष्ट नवी होती. नातवाला हाक मारून त्यांनी ते नाव वहीत लिहून घेतलं आणि मला अक्षरं तपासायला लावली.

मग मी अवघड प्रश्न काढला. १९६७ च्या एका रेडिओ मुलाखतीत खुद्द सम्राटांनी सांगितलं होतं, की मी माणूस आहे, मर्त्य आहे, हे मी रास्ताफारींना स्पष्ट केलं आहे. त्याच्या वर्षभर आधी, २१ एप्रिल १९६६ रोजी ते जमैकाला गेले, तेव्हा विमानतळावर लाखभर लोक जमले होते. बाई हसून म्हणाल्या, येशूही स्वतःला मनुष्याचा पुत्र म्हणवत होता. वाद घालायला मी गेले नव्हते, पण मला हे उत्तर पटलं नाही. हैले सेलासी रोज प्रार्थना करणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते आणि त्यांचा शब्द त्यांच्याबद्दल तरी शेवटचा मानायला हवा. मात्र त्यांनी रास्तांना झिडकारलं नाही. १९७० साली त्यांच्या चर्चने एक पाद्री जमैकाला पाठवला, तोच पुढे आर्चबिशप अबुना येसेहाक झाला. त्याच्या हातून कितीतरी रास्तांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा घेतला. १९८० साली, मृत्यूच्या काही महिने आधी, बॉब मार्लीनेही घेतला. १९८१ च्या मे महिन्यात किंग्स्टनमध्ये त्याचा अंत्यविधी इथिओपियन ऑर्थोडॉक्स पद्धतीने झाला. जगभर ज्याचा चेहरा टी-शर्टवर रास्ता म्हणून मिरवतो, त्याच्या आयुष्याचा हा शेवटचा भाग सांगणारे फारसे भेटत नाहीत.

या वस्तीतली पुढची पिढी अम्हारिक आणि ओरोमो बोलते. काही घरांत आईबाप मंडपात जातात आणि मुलं रविवारी चर्चमध्ये. कित्येक वर्षं ही माणसं इथे कागदपत्रांशिवाय राहिली. २०१७ साली सरकारने त्यांना ओळखपत्रं द्यायचं ठरवलं आणि कायदेशीर वास्तव्याची सोय झाली. बाईंनी आपलं कार्ड बायबलच्या अडुसष्टाव्या स्तोत्रापाशी ठेवलं आहे. आता नातवाच्या शाळेच्या दाखल्यासाठी त्यांची धावपळ सुरू आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या त्याच कामासाठी अदिसच्या बसला बसणार होत्या.