शिकागो: कवितेला दहापैकी किती?

शिकागोत कवितेचे दोन अड्डे रेड लाइन या मेट्रोच्या वाटेवरच आहेत. शिकागो स्टेशनला उतरून थोडं चाललं की सुपीरियर स्ट्रीटवर पोएट्री फाउंडेशन. २०११ साली उघडलेली इमारत, पुस्तकांच्या उंच भिंती, प्रवेश फुकट. १९१२ पासूनचं 'पोएट्री' मासिक इथलंच. औषधवाल्या लिली घराण्यातल्या रूथ लिली यांच्या कविता या मासिकाने साभार परत केल्या होत्या; २००२ मध्ये त्यांनीच मासिकाला सुमारे दहा कोटी डॉलर देऊ केले! जागा देखणी, पण खोकलासुद्धा दाबून ठेवावासा वाटतो.

लॉरेन्स स्टेशनजवळचा ग्रीन मिल हा जुना जॅझ बार मात्र गजबजलेला. बांधकामावर काम करणाऱ्या मार्क स्मिथ यांनी १९८६ मध्ये इथे पोएट्री स्लॅम, म्हणजे प्रेक्षकांसमोर कविता सादर करून गुण मिळवायची स्पर्धा, आणला आणि तो देशभर पसरला. कविता कंटाळवाणी झाली की इथली रीत ठरलेली: आधी चुटक्या, मग पाय आपटणं, मग कण्हणं. इतर शहरांत चुटकी म्हणजे दाद. नवखा कवी इथे हमखास फसतो.

स्लॅमचे रूढ नियम असे. परीक्षक पाच, तेही प्रेक्षकांतूनच उचललेले. गुण शून्य ते दहा, एका दशांशापर्यंत. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण गळतात, उरलेल्या तिघांची बेरीज धरतात, म्हणजे कमाल ३०. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट. त्यापुढे दर दहा सेकंदांना अर्धा गुण वजा. कविता स्वतःची हवी. वाद्य, वेशभूषा, हातात वस्तू चालत नाही.

बिघडतं ते गुणांत. परीक्षक सुरुवातीला हात आखडता घेतात. रात्र, बिअर आणि गोंगाट चढत जातो तसे गुणही चढतात. म्हणून स्पर्धेत नसलेला एक कवी आधी वाचतो, परीक्षकांचे हात बसावेत म्हणून. तरीही चिठ्ठीत पहिला क्रमांक आलेला कवी मार खातोच.

मला खटकतं ते वेगळंच. तीन मिनिटांत जेमतेम चारशे शब्द बसतात, त्यामुळे कविता एकाच साच्यात येतात: हळू सुरुवात, चढता आवाज, शेवटी एकदम कुजबुज. आणि विषय बहुधा स्वतःची जखम. कुणाच्या आईच्या मरणाला ८.३ द्यायचे, म्हणजे १.७ कशाचे कापायचे? पण खोली भरलेली असते आणि लोक कान देऊन ऐकतात, हेही खरं.

गुणांची पाटी तुमच्या हाती आलीच, तर पहिल्या फेरीत नऊच्या वर जाऊ नका. नंतर चढायला जागा उरत नाही आणि निकाल दशांशांवर लोंबकळतो. मागच्या टेबलांवरून शिव्या मिळतील, त्या नियमांत बसतात.