तुम्ही विचारलंत म्हणून: बातम्यांतल्या बाई आणि फुलवाली मंजुळा

मी उच्चारांची आणि वाचिक अभिनयाची शिबिरं घेते. तिथे चहाच्या सुट्टीत कुणीतरी हळूच येऊन विचारतंच, "मॅडम, मला सिरियल करायच्यात. आधी नाटक करायलाच हवं का?" विचारणाऱ्याला 'नाही' ऐकायचं असतं, हे तोंडावरच दिसतं. आणि उत्तर 'नाही' असंच आहे. नाट्यगृहाची पायरी न चढता वर्षानुवर्षं मालिका करणारे आहेत, चांगलं कमावतात, त्यात वावगं काही नाही. पण मी तिथे थांबत नाही, अभिनेत्री भक्ती बर्वेंचं नाव काढते. मग समोरचा फोन काढतो आणि म्हणतो, "हां, त्या 'तुला शिकवीन चांगलाच धडा'वाल्या ना?"

त्याच. पण 'ती फुलराणी' नाटकातल्या त्या एका स्वगतात बाई संपवू नका.

जन्म सांगलीचा, १९४८चा. सुरुवात बालनाट्यांतून, सुधा करमरकरांच्या हाताखाली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढे त्याच्या मराठी बातम्यांत जे चेहरे घराघरांत पोचले त्यांत स्मिता पाटील होत्या तशा भक्ती बर्वेही. वाहिनी एकच, त्यामुळे ज्याच्याकडे टीव्ही त्याच्याकडे निम्मी चाळ. बातम्यांचा कागद हातात; वाक्य कागदावरून उचलायचं, मान वर करून समोर सांगायचं आणि आवाज न पडू देता पुन्हा खाली बघायचं. चुकलात तर चुकलात, सगळं थेट चाललेलं. घरातली मोठी माणसं पोरांना सांगायची, बघ, असं स्वच्छ बोलावं.

आता गंमत बघा. १९७५ साली 'ती फुलराणी' रंगमंचावर आलं. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' या इंग्रजी नाटकावरून पुलंनी केलेलं. ज्या मुलीला मराठी धड बोलता येत नाही म्हणून भाषेचा प्राध्यापक पैज लावून तिला घडवायला घेतो, त्या फुलवाल्या मंजुळेची भूमिका कुणाकडे? ज्यांचं मराठी ऐकून लोक आपले उच्चार सुधारत होते त्या बातम्यांतल्या बाईंकडे. प्रेक्षागृहातल्या कित्येकांच्या कानात त्यांचा बातम्यांचा आवाज आधीच बसलेला होता. पडदा उघडला की तोच गळा 'ण'चा 'न' करत, हेल काढत, भांडत समोर यायचा. समोर सतीश दुभाषींचा प्राध्यापक अशोक जहागीरदार.

मी शिकवताना त्या गाजलेल्या स्वगतापाशी फारशी थांबत नाही. (ते शॉच्या मूळ नाटकात नाहीच, त्याच्या जवळपास जाणारं गाणं आहे ते 'पिग्मॅलियन'वरच बेतलेल्या 'माय फेअर लेडी' या संगीतिकेत.) तिथे राग आहे, नकला आहेत, टाळ्यांची सोय आहे. ताकदीची नटी ते निभावते. पुढे अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनीही मंजुळा केली. मला अवघड वाटते ती मधली अवस्था. मुलगी अर्धी घडलीय. उच्चार घोटून घोटून पक्के झालेत, पण बोलायचं काय ते अजून तिचं तिच्या वस्तीतलंच आहे. चारचौघांत ती बोलायला लागते, एकेक अक्षर टाकसाळीतून काढल्यासारखं, आणि मजकूर मात्र भलताच. इथे नटीला दोन भाषा येऊन भागत नाही, तिसरी लागते: शिकलेली पण अंगात न मुरलेली. उच्चार जरा जास्तच बरोबर हवेत. शब्दाच्या शेवटी किंचित थांबून 'जमलं ना?' असं स्वतःशीच तपासणं हवं. शाळेत असताना शिवाजी मंदिरच्या बाल्कनीतून मी हे पाहिलं तेव्हा नुसती हसले होते. त्या थांबण्यामागे किती काम असतं, हे शिकवायला लागल्यावर कळलं.

एक मात्र बोलायलाच हवं. बोलीला 'अशुद्ध' म्हणून हसणारं नाटक आज जरा खुपतं. मलाही खुपतं. शिबिरातल्या मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या मुलांना ते खुपणारच. पण भक्ती बर्वेंच्या मंजुळेला हसताना हसं व्हायचं ते मास्तराचं. प्रमाण मराठीवर हुकमत असलेली बाई ती हुकमत बाजूला ठेवते आणि बोलीला एकदाही कमी लेखत नाही, वेडंवाकडं तोंड करून हशा वसूल करत नाही. गावरान भूमिका म्हटलं की आजच्या मालिकांत जो सरसकट हेल लावतात, तो ऐकला की मला त्या आठवतात.

हिंदीत त्यांची ओळख 'जाने भी दो यारो'ची. १९८३चा सिनेमा. त्यातली संपादक शोभा सेन बातमी छापण्यापेक्षा बातमीचा सौदा करण्यात तरबेज. दूरदर्शनच्या बातम्यांचा चेहरा अशा संपादकाला द्यायचा हे ज्याला सुचलं त्याला सलाम. तिथेही गोड, समंजस, विश्वास बसावा असा आवाज, आणि डोळ्यांत हिशेब. मंचावर 'हँड्स अप', 'आई रिटायर होतेय', शेवटी शेवटी 'पुलं, फुलराणी आणि मी' हा एकपात्री कार्यक्रम. १९९०चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार. यादी मोठी आहे, ती तुम्हाला कुठेही सापडेल.

मग प्रश्नाचा दुसरा भाग येतो, तोही हळूच: "पण नाटकात पैसे नाहीत ना?" कमीच आहेत. मालिकेत दिवसाचे पैसे, नाटकात नाइट, म्हणजे प्रयोगामागे मिळणारं मानधन. प्रयोग लागला तर नाइट, नाही लागला तर घरी बसा. वर दौरा. बसमध्ये झोपायचं, मिळेल तिथे जेवायचं, रात्री मेकअप उतरवून पहाटेपर्यंत मुंबई गाठायची, कारण दुसऱ्या दिवशी शूटिंग. भक्ती बर्वे १२ फेब्रुवारी २००१ला वाईहून मुंबईला परतताना एक्स्प्रेसवेवर भाताण बोगद्याजवळच्या अपघातात गेल्या. वय बावन्न. पुलंना जाऊन आठ महिने झाले होते.

हे मी पोरांना घाबरवायला सांगत नाही, पण त्यागबिग म्हणून रंगवतही नाही. रात्रीचे ते प्रवास आजही तसेच चालतात आणि ते थांबायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. नाटक करा म्हणते तेव्हा कान तयार होण्यासाठी म्हणते. आणि तेवढ्यासाठी दौऱ्यावरच जावं लागतं असंही नाही. सुट्टी संपली की विचारणाऱ्याच्या हातात मी पेपर देते. पाणीपुरवठ्याची बातमी आधी बातम्यांसारखी वाच, मग तीच नळावर भांडणाऱ्या बाईसारखी सांग, आणि कुणाचीही नक्कल करू नकोस. दुसऱ्या फेरीला बहुतेक जण लाजतात. जे लाजत नाहीत त्यांना मी पुढच्या रविवारी परत बोलावते.